काटकसर कुणाची, कपात कुणावर?



गेल्या उन्हाळ्यात आम्ही चार दिवस ठाणे, कल्याण-डोंबिवलीकडे होतो. आपल्या भागातली पुष्कळ पोरे तिकडे पोटासाठी गेली आहेत. कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रोजंदारीवर आहे, कोणी ठाण्याच्या एखाद्या टॉवरखाली रात्रपाळीचा राखणदार आहे, कोणी कल्याण पूर्वेला चाळीत राहून भाड्याची रिक्षा चालवतो. बापाच्या नावावर कोरडवाहू पाच-सहा एकर आहेत आणि त्या पाच-सहा एकरांवर सोसायटीचा बोजा आहे. या पोरांना भेटावे, जिल्हा बैठकीची वार्ता द्यावी, म्हणून गेलो होतो.

त्यातला एक डोंबिवलीत एका इमारतीचा राखणदार आहे. त्याच्याकडे गेलो तर जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलेले दिसले: "मंगळवारी पाणीकपात. सभासदांनी पाणी काटकसरीने वापरावे." अक्षर मोठे वळणदार होते. ते लिहिणारे सोसायटीचे सचिव तिथेच उभे होते. निवृत्त कारकून. गृहस्थ बोलके आणि सज्जन. आम्ही शेतकऱ्यांचे काम करतो हे कळल्यावर वर नेऊन चहा पाजला आणि मग मनातले बोलले, "राग मानू नका, पण तुम्ही शेतकरी मंडळी थोडी काटकसर का करीत नाही? आम्ही जन्मभर तेच केले."

आम्ही राग मानला नाही. प्रश्नात खोट नव्हती. पण उत्तर मोठे होते आणि चहा अर्ध्या कपाचा होता. ते उत्तर आता इथे देतो. ते त्यांच्यासाठी आहे तितकेच आपल्यासाठीही आहे, कारण हाच प्रश्न आपल्याला बँकेचा अधिकारी विचारतो, कृषी खात्याचा साहेब विचारतो, कीर्तनकार विचारतो, आणि आता आपलीच शिकलेली पोरे विचारू लागली आहेत.

आधी त्या गृहस्थांची काटकसर पाहू. ती खरी होती, तिला आम्ही हसणार नाही. एका खोलीत संसार, पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या लोकलमध्ये तीस वर्षे, वर्षाकाठी दोन शर्ट, डब्यात पोळीभाजी, पोस्टातले आवर्ती खाते, विम्याचा हप्ता, आणि त्यातून अखेरीस दोन खोल्यांचे घर. डोंबिवली अशा माणसांनी उभी केली. पण ही काटकसर ज्या पायावर उभी होती तो पाया त्यांना दिसत नाही, जसा घरात राहणाऱ्याला घराचा पाया दिसत नाही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम हातात येणार हे त्यांना ठाऊक होते. महागाई वाढली की तिच्या मागोमाग भत्ता वाढणार हे ठाऊक होते. ज्याला तारीख ठाऊक आहे आणि रक्कम ठाऊक आहे, तो माणूस तीस दिवसांना भागून खर्च करू शकतो. काटकसर म्हणजे भागाकार आहे. भाज्य संख्याच ठाऊक नसेल तर भागाकार कशाचा करायचा?

आपल्या कपाशीचा हिशेब करा. जूनमध्ये डोबणी केली. पाऊस किती, ठाऊक नाही. बोंडअळी येईल की नाही, ठाऊक नाही. दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी निघेल तेव्हा भाव काय असेल, ते तर अर्थखात्याच्या माणसालाही ठाऊक नसते, कारण तो भाव त्यालाच मध्यरात्री बदलायचा असतो. अशा उत्पन्नातून जो कमी खर्च होतो त्याला आपण काटकसर म्हणतो हीच मुळात शब्दाची चूक आहे. आपल्या घरात त्यासाठी वेगळे शब्द आहेत आणि ते जास्त खरे आहेत. हात आखडला. पोटाला चिमटा घेतला. मन मारले. कसेबसे भागवले. कोंड्याचा मांडा केला. आपल्या माऊल्या "काटकसर केली" असे फारसे म्हणत नाहीत, त्या म्हणतात "पुरवून पुरवून खाल्ले". पुरवणे आणि वाचवणे यांत फरक आहे. वाचवणाऱ्याकडे अखेरीस काही शिल्लक उरते. पुरवणाऱ्याकडे पुढचा हंगाम येईपर्यंत जीव उरतो.

शब्दाचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. आम्ही शेतीचे पदवीधर, व्याकरणाचे पंडित नव्हे. पण सरकारी कागद, बाजाराच्या पट्ट्या आणि बँकेच्या नोटिसा वाचून वाचून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. काटकसर, कपात आणि टंचाई हे तीन शब्द एकाच गोष्टीसाठी वापरले जातात, ती गोष्ट म्हणजे 'कमी मिळणे'. पण तिघांचा कर्ता वेगळा आहे. काटकसर मी करतो, तिचा कर्ता मी. कपात माझ्यावर होते, ती करणारा दुसरा असतो, आणि बहुतेक वेळा त्याचे नाव वाक्यात नसते. टंचाईला तर कर्ताच नाही. टंचाई निर्माण होते, जाणवते, भासते. जणू ढगातून पडली. आता कोणत्या माणसाच्या वाट्याला कोणता शब्द येतो ते पाहा, म्हणजे राज्य कोणाचे आहे ते कळेल.

पाण्याचेच घ्या. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नळ एक दिवस बंद राहिला की वर्तमानपत्रात 'पाणीकपात' असा मथळा येतो. कपात म्हटले की ती कोणी केली हा प्रश्न ओघानेच येतो, नगरसेवकाला जाब विचारला जातो, महापालिकेवर हंडा मोर्चा निघतो. हे योग्यच आहे. पण त्याच ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात चला. तानसा धरण याच तालुक्यात, १८९२ सालचे. भातसाही इथेच. मुंबईची तहान यांच्यावर भागते. आणि धरणांच्या कुशीतल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. तिथल्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्याला सरकार काय म्हणते? 'पाणीटंचाई'. जिल्हा परिषदेत त्यासाठी दरवर्षी 'टंचाई आराखडा' तयार होतो. धरण बांधले माणसांनी, जलवाहिन्या टाकल्या माणसांनी, पाणी कुठे न्यायचे ते ठरवले माणसांनी, आणि उरलेल्याला मात्र नाव दिले टंचाई. शहराची कपात, गावाची टंचाई. शहराला जाब विचारायला माणूस मिळतो, गावाने ढगाला जाब विचारायचा.

ज्वारीवाल्या भावांनी आणखी एक गोष्ट ऐकून ठेवावी. उल्हास नदीचे पाणी कल्याण-डोंबिवली पिते. त्या नदीला उन्हाळ्यात जे पाणी असते त्यातले बरेचसे भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले असते. ते येते सह्याद्रीच्या पलीकडून, मावळातल्या आंध्रा नदीवरच्या ठोकळवाडी धरणातून. हे धरण १९२२ सालचे. आंध्रा ही इंद्रायणीला मिळणारी, इंद्रायणी भीमेला. म्हणजे नैसर्गिक उताराने जे पाणी पूर्वेला पंढरपूर-मंगळवेढ्याच्या अंगाने, मालदांडीच्या मुलखाकडे जायचे, ते शंभर वर्षांहून अधिक काळ घाट उतरून पश्चिमेला येते, वीज करते आणि मग उल्हासातून नळाला लागते. डोंबिवलीच्या माणसाने ते चोरले असे आम्ही म्हणत नाही. त्याला बिचाऱ्याला हे ठाऊकही नाही. आमच्या सचिवांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांचा कप हातातच राहिला. पण पाणी वळवणारा कोणी एक होता, त्याला परवानगी देणारा कोणी एक होता, आणि भीमाकाठच्या ज्वारीवाल्याला कोणी विचारले नव्हते. तिकडे पाण्याची ओढ लागली की मात्र आपण म्हणतो, "अवंदा टंचाई आहे."

हे शब्द आपोआप बदलत नाहीत, ठरवून बदलले जातात. १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्द काढून टाकायचा आणि तिथे 'टंचाई' घालायचे, एवढ्यासाठी तो कायदा. कायद्याने पाऊस पाडता येत नाही, पण कायद्याने दुष्काळ नाहीसा करता येतो, तो असा. नऊ वर्षांनी १९७२ आले. ज्यांनी त्या साली खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, त्यांना विचारा ती टंचाई होती का. पुढे २०१५-१६ ला पुन्हा तेच. मराठवाड्यात माणसे गाव सोडून चालली, २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तरी सरकारी कागदावर 'दुष्काळसदृश परिस्थिती'च होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मग त्या मे महिन्यात सरकारने फर्मावले की सुमारे २९ हजार गावांबाबत जिथे 'दुष्काळसदृश' म्हटले आहे तिथे 'दुष्काळ' असे वाचावे. 'वाचावे' हा शब्द लक्षात ठेवा. मेलेल्या गुराकडे पाहून आता 'मेलेले' असे वाचावे, तसे.

एका शब्दासाठी सरकार एवढे का अडून बसते? दुष्काळ म्हटले की पैसा सोडावा लागतो, वसुली थांबवावी लागते, जबाबदारी येते. शब्दाला किंमत आहे म्हणून तर तो देताना सरकार काटकसर करते. खरी काटकसर कुठे असेल तर ती इथे.

आता आपल्या अंगावरचा जुना आरोप. शेतकरी उधळ्या आहे, लग्नात पैसा उडवतो, म्हणून कर्जात बुडतो. हा आरोप आजचा नाही. कल्याणच्या स्टेशनवर उभे राहा, तिथेच त्याची गोष्ट सुरू होते. आगगाडी १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आली आणि १८६७ साली नागपुराला पोचली. वऱ्हाडाचा कापूस याच वाटेने मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरला गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला, आपल्या कापसाला भाव चढला. सावकारांनी हात मोकळे सोडून कर्जे दिली, सरकारने सारा वाढवला. युद्ध संपले, भाव कोसळला. सारा मात्र खाली आला नाही, कर्जही नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खातेपुस्तके जाळली. तेव्हाही शहाणी मंडळी म्हणत होती की लग्नकार्यातली उधळपट्टी या कर्जाच्या मुळाशी आहे. गंमत अशी की सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने १८७६ च्या अहवालात मान्य केले की लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तितके महत्त्व दिले जाते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात या आरोपाचा चांगलाच समाचार घेतला आहे. इंग्रजांच्या आयोगाला जे दीडशे वर्षांपूर्वी समजले ते आपल्या कर्जमेळाव्यातल्या वक्त्यांना अजून समजत नाही.

लग्नात खर्च होत नाही असे आम्ही म्हणत नाही. होतो, आणि कधी कधी नको तेवढा होतो. हुंडा तर बंदच व्हायला पाहिजे, त्याला काटकसरीचे कारण पुरे नाही, माणुसकीचे कारण आहे. पण पोरीचे लग्न आयुष्यात एकदा. कपाशी दरसाल तोट्यात. दरसालची गळती सोडून एकदाच्या सांडलवंडीकडे बोट दाखवणारा माणूस एक तर आंधळा आहे नाही तर त्या गळतीखाली त्याची घागर लावलेली आहे.

ती गळती कुठे आहे? डोंबिवलीत चहाच्या वेळी आमच्या राखणदार पोराने खिशातून मोबाईल काढला आणि बापाने पाठवलेला कापूसपट्टीचा फोटो दाखवला. खाजगी व्यापाऱ्याची पट्टी होती. सचिवांनी चष्मा लावला. जन्मभर हिशेब तपासलेला माणूस. वजन, भाव, हमाली, तोलाई असे करीत त्यांचे बोट 'कटती'वर येऊन थांबले.

"हे काय?"

"क्विंटलमागे धरतात," पोरगा म्हणाला.

"कुठल्या नियमाने?"

"नियम नाही काका, रीत आहे."

ती रीत कुठे किलोची आहे, कुठे दोन किलोंची. कचरा धरला, ओलावा धरला, पोत्याचे वजन धरले, ज्याला जे सुचेल ते. बाजार समितीच्या कायद्यात अनधिकृत कपातीला मनाई आहे, आणि कटती समितीच्या आवारातच होते. सरकारी खरेदीला गेलात तर तिथला नियम छापील आहे. कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला भाव कापते आणि १२ च्या पुढे गाडी परत पाठवते. आता पहिली वेचणी परतीच्या पावसात सापडते, सकाळी दव असते, हे आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो आणि तुम्ही बांधावर शिकलात. ज्या वेळी शेतकऱ्याला पैशाची सगळ्यात जास्त गरज, त्याच वेळी बोंड सगळ्यात ओले. थांबून, वाळवून विकण्याची ऐपत असणाऱ्याला पूर्ण भाव, आणि देणेकरी दारात उभा असणाऱ्याला कापलेला. नियम सगळ्यांना सारखाच आहे.

जुन्या लोकांना आठवत असेल, १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी आली ती शेतकऱ्याच्या नावाने. त्या योजनेत आपल्या रकमेतून ३ टक्के भांडवल निधी म्हणून कापला जायचा. त्याला कपात म्हणत नव्हते, निधी म्हणत होते. तुमचेच पैसे तुमच्याच भल्यासाठी बाजूला ठेवले, अशी भाषा. म्हणजे वाक्यात कपातीचा कर्ता आपणच! शेतकऱ्याने बचत केली!

आणि ही सगळी किरकोळ कपात. मोठी कपात पट्टीवर लिहिलेलीच नसते, कारण ती भावातच आधी होऊन गेलेली असते. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क बसले. २०२२ मध्ये भाव चढलेले होते, गिरण्यांनी ओरड केली, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत शुल्क माफ झाले. पुन्हा २०२५ मध्ये, ऑगस्टच्या १९ तारखेपासून, आपली कपाशी पात्याफुलांवर असताना शुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले, म्हणजे नेमक्या आपल्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीवर. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झालेला. एका हाताने भाव जाहीर करायचा आणि दुसऱ्या हाताने परदेशी गाठींना फाटक उघडायचे. याला वर्तमानपत्रांनी 'उद्योगाला दिलासा' म्हटले. दिलासा हा कपातीचाच दुसरा टोकाकडून घेतलेला फोटो आहे. गिरणीला दिलासा जितका, तितकी पऱ्हाटीवर कपात.

हे आजचे नाही आणि एका पक्षाचेही नाही. जागतिक व्यापार कराराच्या वेळी भारत सरकारने स्वतःच जी आकडेवारी दिली, तिच्यात १९८६ ते ८८ या आधारवर्षांसाठी पीकवार आधार उणे होता. उणे म्हणजे दिलेल्यापेक्षा घेतलेले जास्त. सरकारने स्वतःच्या सहीने जगाला लिहून दिले की आम्ही आमच्या शेतकऱ्याला देत नाही, त्याच्याकडून घेतो. आणि इकडे गावात येऊन सांगितले की काटकसर करा.

आता थोडे आमच्याच बिरादरीविषयी. आम्ही शेतीची पदवी घेतली, आणि उमेदीच्या काळात 'उत्पादन खर्चात बचत' या मथळ्याची पत्रके वाटत हिंडलो. त्यातले काही खरे होते आणि आजही खरे आहे. ज्वारीच्या बियाण्याला किलोला चार ग्रॅम गंधकाची भुकटी चोळली तर काणी टळते, त्याला चहाच्या कपाएवढाही खर्च नाही. कपाशीत मूग, उडीद, तुरीचे आंतरपीक घेतले तर एक गेले तरी दुसरे हाती लागते. घरची चांगली ज्वारी बियाण्याला राखली तर पिशवीचे पैसे वाचतात. हे करा, जरूर करा. पण आम्ही बांधावर जाऊन पाहिले तेव्हा शेतकरी जिथे हात आखडत होता त्या जागा वेगळ्याच होत्या. नत्राचा दुसरा हप्ता टळला. दुसरी निंदणी टळली. नांग्या भरायच्या राहिल्या. फवारणी आठ दिवस लांबली. हे सगळे श्रावण-भाद्रपदातले. का? त्याला अक्कल नव्हती म्हणून? त्या महिन्यात घरात रोकड नसते म्हणून. पीककर्ज पेरणीत संपलेले, बाजारात न्यायला काही नाही, दुकानदाराची उधारी वाढलेली. आणि नेमका हाच खर्च असा, की तो एक रुपया टाळला तर पुढे चार रुपये बुडतात. आमच्या पत्रकात त्याला 'व्यवस्थापनातील त्रुटी' म्हणत असू. आज ते आठवले की लाज वाटते. ज्याच्यावर कपात झाली त्यालाच आम्ही कसूरवार धरले.

कसर हा शब्दही पाहण्यासारखा आहे. अरबी-फारशीतून आलेला, अर्थ तुटलेला तुकडा, उणेपण. आपण म्हणतो ना, "यंदाची कसर पुढच्या साली भरून काढू." आणि कागदाला, लोकरीला लागणारी बारीक कीड, तीही कसरच. काटकसर म्हणता म्हणता आपल्या शेतीला लागली ती ही दुसरी.

अलीकडे आणखी एक शब्द आला, झिरो बजेट. २०१९ च्या अर्थसंकल्पाच्या भाषणात खुद्द अर्थमंत्र्यांनी त्याचा गौरव केला. शेणखत, जीवामृत यांच्याशी आमचे भांडण नाही, ज्याला साधते त्याने करावे. आमचे भांडण त्या शून्याशी आहे. गोमूत्र गोळा करणारी, शेण कालवणारी, पाण्याचे पिंप भरणारी, पाठीवर पंप बांधणारी घरची बाई त्या हिशेबात कितीला धरली? शून्याला. खर्च शून्य झाला नाही, तिची मजुरी शून्य झाली. सरकारही हेच करते, जरा सभ्यपणे. स्वामिनाथन आयोगाने उत्पादन खर्च धरून वर पन्नास टक्के मागितले होते, आणि सर्वंकष खर्च म्हणजे सी-२. सी-२ मध्ये आपल्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज येते. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव दिल्याची टाळी घेतली, तो खर्च मात्र ए-२ अधिक कुटुंबाची मजुरी एवढाच धरला. खंड गेला, व्याजही गेले. भाव वाढवण्याऐवजी खर्चच कागदावर कापला, म्हणजे दीडपट आपोआप होते. डोंबिवलीच्या सचिवांना हे लगेच कळले. "म्हणजे आमचे घरभाडे भत्ता न धरता वेतन ठरवल्यासारखे," ते म्हणाले. तसेच.

ज्वारीचा शब्द तर पुरा फिरला. काल-परवापर्यंत ती गरिबाची भाकर. शेतकरी ज्वारी खातो म्हणजे काटकसर करतो, पाहुणा आला की गव्हाची पोळी. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आला, ज्वारीचा भाव मेला, पेरा आटला, कडब्यावाचून गुरे विकली. आता २०२३ हे तृणधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, ज्वारीला 'श्रीअन्न' ही पदवी मिळाली, आणि डोंबिवलीच्या पोळीभाजी केंद्रात भाकरी चपातीहून महाग मिळते. आम्ही खाल्ली, चांगली होती. शहराने ती खावी, आणखी खावी. पण आपण खात होतो तेव्हा ती काटकसर होती आणि ते खातात तेव्हा तो आहार आहे, हे मात्र गिळायला जड गेले.

तिकडच्या कामगारांविषयी दोन शब्द, म्हणजे गैरसमज नको. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत एकामागून एक कारखाने बंद पडले तेव्हा हजारो घरांच्या दाराशी जो शब्द आला तोही 'कपात'च होता, कामगार कपात. तिथल्या चाळीत पाण्याच्या रांगेत उभी असलेली बाई आपलीच बहीण आहे, बहुधा आपल्याच गावची. 'इंडिया' आणि 'भारत' यांच्यामधली रेघ कसारा घाटात नाही, ती कल्याणच्या स्टेशनाच्या पुलावरून जाते, आणि पुलाच्या दोन्ही अंगांना आपली माणसे आहेत.

म्हणून जिल्हा बैठकीसाठी आमची सूचना अशी आहे. ठरावाच्या मसुद्यात जिथे जिथे 'काटकसर' आणि 'टंचाई' हे शब्द आले आहेत, तिथे 'कपात' असे लिहावे, आणि प्रत्येक कपातीपुढे ती करणाऱ्याचे नाव घालावे: खाते, तारीख, आदेश क्रमांक. 'पाण्याची टंचाई भासते' असे वाक्य आपल्या कागदावर नको. धरण कोणते, पाणी कोणाला दिले, किती दिले, ते लिहा. 'कापसाचे भाव पडले' असेही नको, भाव झाडावरून पडत नाहीत. बँकेचा माणूस काटकसरीचे भाषण देईल तेव्हा त्याला अडवू नका, पुरते ऐकून घ्या आणि मग एवढेच विचारा की आमचे पैसे कोणत्या तारखेला आणि किती येणार ते सांगा, काटकसर आम्ही उद्यापासून करतो.

आणि एक काम प्रत्येकाने करायचे आहे. गेल्या तीन हंगामांतल्या कापसाच्या आणि ज्वारीच्या विक्रीच्या ज्या पट्ट्या घरात सापडतील त्या बैठकीला आणा. डब्यात, फोटोच्या चौकटीमागे, पोथीत, जिथे असतील तिथून काढा. हमाली, तोलाई, कटती, ओलावा, अडत, जे जे कापले असेल त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून आणा. व्यापाऱ्याने पट्टीच दिली नसेल तर तसे एका कागदावर लिहून सही करून आणा, तोही पुरावाच आहे. बेरीज करायला डोंबिवलीचे सचिव येणार आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितले आहे, तिकिटाचे पैसेही नकोत म्हणाले. झेरॉक्स चालेल, मूळ पट्टी घरीच ठेवा.